गोड स्प्रेड की नट बटर? बरणी पारखायची कशी

चॉकलेट-हेझलनट स्प्रेडच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५४० कॅलरी असतात. साध्या पीनट बटरमध्ये ६०० च्या आसपास, बदामाच्या बटरमध्ये त्याहूनही थोड्या जास्त. जॅममध्ये मात्र जेमतेम २५० ते २८०. नुसत्या कॅलरी मोजून निवड करायची ठरवली तर जॅम पहिला, चॉकलेट दुसरे आणि बदाम शेवटचा येतो. हा निकाल पटत नाही, आणि न पटण्याचे कारण साधे आहे: गोड स्प्रेड आणि नट बटर (दळलेल्या दाण्यांची पेस्ट) या दोन कुळांमधला फरक कॅलरीच्या आकड्यात नाहीच. त्या कॅलरींच्या सोबतीने काय येते आणि ‘चमचाभर’ म्हणत म्हणत प्रत्यक्षात किती ग्रॅम पोटात जाते, या दोन गोष्टींत तो आहे. पुढची सगळी तपासणी याच दोन गोष्टींची.

आधी कूळ ओळखा

बरणीवर हेझलनटचे चित्र असले म्हणून आतले स्प्रेड नटांचे ठरत नाही. युरोपात विकल्या जाणाऱ्या न्यूटेला या चॉकलेट-हेझलनट स्प्रेडच्या घटकयादीत हेझलनट १३ टक्के, स्निग्धांश काढलेली दूध पावडर ८.७ टक्के आणि कोको ७.४ टक्के असतो. तिन्हींची बेरीज २९.१. उरलेले सुमारे ७१ टक्के म्हणजे मुख्यतः साखर आणि पाम तेल. त्यातल्या प्रथिनांचाही हिशेब मांडता येतो. १०० ग्रॅममागे ती साधारण ६ ग्रॅम असतात. १३ ग्रॅम हेझलनटमधून त्यातली २ ग्रॅमच येतात, बाकीची दूध पावडर आणि कोकोची. म्हणजे ‘नटांची प्रथिने’ म्हणून जे खाल्ले जाते त्याचा मोठा वाटा नटांचा नसतोच. २०११ मध्ये अमेरिकेत याच स्प्रेडच्या ‘सकस न्याहारी’ छापाच्या जाहिरातींवरून ग्राहकांनी दावा लावला होता. ते बनवणाऱ्या फेरेरो कंपनीने २०१२ मध्ये सुमारे ३० लाख डॉलर देऊन तो मिटवला आणि जाहिरातीही बदलल्या.

उलट बाजूला अमेरिकेतला पीनट बटरचा नियम पाहा. १९५९ पासून सुरू झालेला वाद अनेक वर्षे चालला. सरकारला ९५ टक्के शेंगदाणे हवे होते, उत्पादक ८७ वर अडून बसले, शेवटी ९० टक्क्यांवर तडजोड झाली. त्याहून कमी शेंगदाणे असतील तर बरणीवर ‘पीनट बटर’ लिहिता येत नाही, ‘पीनट स्प्रेड’ लिहावे लागते. त्यामुळे पाकिटावर ‘बटर’ आहे की ‘स्प्रेड’ हा एक शब्दही बरेच सांगून जातो. सगळ्या देशांत असा नियम नसल्यामुळे पुढची पायरी मात्र टळत नाही.

घटकयादी: पहिले तीन शब्द

बहुतेक देशांत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिला घटक सर्वांत जास्त, शेवटचा सर्वांत कमी. बरणी फिरवा आणि पहिले तीन घटक वाचा.

पहिला घटक दाणे किंवा बी असेल आणि त्यानंतर फक्त मीठ असेल, तर ते नट बटर. पहिला घटक दाणे, दुसरा साखर, तिसरा हायड्रोजनेटेड (हायड्रोजन वापरून घट्ट केलेले) तेल किंवा पाम तेल असेल, तर ते नेहमीचे बाजारी पीनट बटर. ते वाईट नाही, पण त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. पहिलाच घटक साखर असेल तर बरणीवर काहीही लिहिलेले असो, ती मिठाई आहे.

एक चलाखी इथे नेहमी आढळते. साखर एका नावाने लिहिली तर ती यादीत वर जाते, म्हणून तिचे तुकडे केले जातात: थोडी साखर, थोडे ग्लुकोज सिरप, थोडे डेक्स्ट्रोज, थोडा मध, थोडे फळांच्या रसाचे कॉन्सन्ट्रेट. प्रत्येक जण यादीत खाली जातो आणि वर नटांचे नाव झळकत राहते. असे तीन-चार गोड घटक दिसले की त्यांना मनात एकत्र करून मगच क्रम लावायचा.

पोषणतक्ता: १०० ग्रॅमचा रकाना, ‘प्रति सर्व्हिंग’ नव्हे

सर्व्हिंगचा आकडा प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो. चॉकलेट स्प्रेडच्या बरणीवर १५ ग्रॅम, पीनट बटरवर ३२ ग्रॅम, मधावर २१ ग्रॅम. हे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे वाटीची तुलना बादलीशी करणे. १०० ग्रॅमचा रकाना घ्या. तो छापलेला नसेल तर सर्व्हिंगच्या आकड्याला तिच्या ग्रॅमने भागा आणि १०० ने गुणा.

१०० ग्रॅममागे ढोबळ आकडे असे असतात. कंपनीनुसार थोडा फरक पडतो.

| स्प्रेड | कॅलरी | एकूण साखर (ग्रॅम) | प्रथिने (ग्रॅम) | एकूण चरबी (ग्रॅम) | संपृक्त चरबी (ग्रॅम) | तंतू (ग्रॅम) |
|---|---|---|---|---|---|---|
| पीनट बटर, फक्त शेंगदाणे | ६०० | ४–६ | २४–२५ | ५० | ७–१० | ६–८ |
| बदाम बटर | ६१५ | ४–५ | २१ | ५५ | ४–५ | १० |
| काजू बटर | ५९० | ५–६ | १७–१८ | ४९ | १० | २–३ |
| ताहिनी (तिळाची पेस्ट) | ५९५ | १ हून कमी | १७ | ५४ | ७–८ | ९ |
| चॉकलेट-हेझलनट स्प्रेड | ५४० | ५६ | ६ | ३१ | १०–११ | ३–४ |
| बिस्किट स्प्रेड | ५८० | ३७ | ३ | ३८ | ७–८ | १ |
| जॅम | २५०–२८० | ५०–६० | ०.५ हून कमी | ० | ० | १ |
| मध | ३०४ | ८२ | ०.३ | ० | ० | ० |

या तक्त्यात तीन ठिकाणी थांबायला हवे.

पहिले ठिकाण साखर. कुठलीही साखर न घातलेल्या शेंगदाण्यात किंवा बदामात मुळातच ४ ते ६ ग्रॅम साखर असते. त्यामुळे पीनट बटरच्या बरणीवर १० ग्रॅम दिसली तर वरून घातलेली साधारण ५ ग्रॅम, म्हणजे ५ टक्के. हा काही गुन्हा नाही. १५ ग्रॅमच्या चमच्यात ती पाऊण ग्रॅमच भरते. तेवढ्याच चॉकलेट स्प्रेडमध्ये साखर ८.४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, मध, सिरप आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी. ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. दोन पावांवर सढळ हाताने ३० ग्रॅम चॉकलेट स्प्रेड फासले की त्यातली सुमारे १७ ग्रॅम न्याहारीतच संपते. (स्प्रेडच्या एकूण साखरेत दूध पावडरमधल्या लॅक्टोजचा थोडा वाटा असतो, पण हिशेब बदलण्याएवढा नाही.)

दुसरे ठिकाण संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट, हृदयासाठी जी कमी ठेवायची ती), आणि इथे वाचक हमखास गोंधळतात. पीनट बटरमध्ये ७–१०, चॉकलेट स्प्रेडमध्ये १०–११. आकडे जवळजवळ सारखे, मग फरक काय? एकूण चरबीशी गुणोत्तर काढा. शेंगदाण्याच्या ५० ग्रॅम चरबीत संपृक्त जास्तीत जास्त एक-पंचमांश, बाकीची असंपृक्त. चॉकलेट स्प्रेडच्या ३१ ग्रॅममध्ये संपृक्त एक-तृतीयांश, कारण तिथे पाम तेल आहे आणि पाम तेल जवळपास निम्मे संपृक्त असते. बदामात हे प्रमाण एक-दशांशाच्याही खाली जाते. ब्रिटनच्या लाल-पिवळ्या-हिरव्या लेबलपद्धतीत १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमच्या वर संपृक्त चरबी गेली की लाल रंग लागतो. म्हणून शुद्ध पीनट बटरवरही लाल दिसू शकतो. रंग पाहून बरणी खाली ठेवण्याआधी गुणोत्तर पाहावे.

तिसरे ठिकाण तंतू, म्हणजे फायबर. चवीला सर्वांत मऊ, लोण्यासारखे काजू बटर इथे मागे पडते. काजूत स्टार्च जास्त, तंतू कमी. ‘नट’ म्हणून सगळे एकाच पंगतीत बसत नाहीत. बदामाकडे ई जीवनसत्त्व (१०० ग्रॅममागे सुमारे २४ मिलिग्रॅम), कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. शेंगदाण्याकडे प्रथिने सर्वांत जास्त, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो डाळींचाच भाऊबंद. अक्रोडाकडे वनस्पतिजन्य ओमेगा-३, जे बाकीच्या नट बटरांत नगण्य असते. ताहिनीचे कॅल्शियम फार वाखाणले जाते, पण ते मोठ्या प्रमाणात तिळाच्या सालीत असते. पांढरी ताहिनी सोललेल्या तिळाची, त्यामुळे तिच्यात ते बरेच कमी.

मीठही बघून घ्या. बाजारी पीनट बटरमध्ये १०० ग्रॅममागे साधारण १ ग्रॅम मीठ असते, बिनमिठाच्या बरणीत जवळजवळ शून्य.

तुमचा चमचा किती ग्रॅमचा?

लेबल वाचणारे बहुतेक लोक इथे हरतात. नट बटर घट्ट असते, चमच्यावर डोंगर करून बसते. सपाट मोठा चमचा १६ ग्रॅमचा, पण डोंगर केलेला सहज २५ ते ३० ग्रॅमचा, म्हणजे १५० ते १८० कॅलरी.

मोजायची सोपी रीत: स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर झाकण उघडून बरणी ठेवा, आकडा शून्य करा आणि नेहमीसारखे स्प्रेड काढून पावाला लावा. चमचा बरणीत परत न बुडवता काट्याकडे पाहा. उणे २७ दिसले तर तुम्ही २७ ग्रॅम काढले. सलग तीन दिवस असे मोजले की हाताचा अंदाज कळतो. त्यानंतर काट्याची गरज उरत नाही.

किती घ्यावे? रोजच्या न्याहारीत नट बटर १५ ते ३० ग्रॅम ठीक. स्पेनमधल्या प्रेडिमेड या मोठ्या अभ्यासात एका गटाला रोज ३० ग्रॅम नट दिले होते (१५ ग्रॅम अक्रोड, ७.५ बदाम, ७.५ हेझलनट), तेवढाच अंदाज इथेही धरता येतो. पण एक फरक लक्षात असू द्या. अख्खा बदाम चावून खाल्ला तर त्यातल्या बऱ्याच पेशी फुटत नाहीत आणि आतली चरबी शरीराला मिळत नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून शरीराला साधारण १२९ कॅलरी मिळतात, लेबलचा हिशेब मात्र १७० च्या घरात जातो. बटर करताना पेशी दळल्या जातात, त्यामुळे लेबलवरच्या कॅलरी जवळपास पूर्ण मिळतात. वजन उतरवायचे असेल तर मूठभर अख्खे बदाम बटरपेक्षा सरस ठरतात. ते खायला वेळही लागतो.

मधाबाबत उलटा गैरसमज आहे. ‘मध साखरेपेक्षा हलका’ म्हणून तो सैल हाताने ओतला जातो. मोठ्या चमचाभर मधात (२१ ग्रॅम) १७ ग्रॅम साखर असते, मोठ्या चमचाभर साखरेत साडेबारा. मध वजनाला जड, म्हणून चमच्याला चमचा लावला तर साखर जास्तच जाते. त्यातली खनिजे चमचाभरात मोजण्याइतकीही नसतात. मध चवीसाठी खावा, औषध समजून नव्हे.

लेबलवरचे शब्द आणि त्यांच्या मागचे काम

‘लो-फॅट’ पीनट बटर हा फसवा सौदा आहे. काढलेल्या चरबीच्या जागी सिरपची पावडर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन येते, कॅलरी जवळजवळ तेवढ्याच राहतात. म्हणजे शेंगदाण्यातला चांगला भाग काढून स्टार्च भरला. याहून पीनट पावडर प्रामाणिक. तेल दाबून काढलेले असते, दोन मोठे चमचे (१२ ग्रॅम) म्हणजे ५०–६० कॅलरी आणि ५–६ ग्रॅम प्रथिने. पाण्यात कालवून ती दह्यात किंवा लापशीत छान मिसळते. पावावर लावून पीनट बटरची मजा येत नाही, हेही खरे.

‘नो ॲडेड शुगर’ जॅममध्ये साखरेऐवजी द्राक्षाच्या किंवा सफरचंदाच्या रसाचे कॉन्सन्ट्रेट असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत ते घातलेल्या साखरेतच मोजले जाते. एकूण साखरेचा आकडा पाहिला की भ्रम फिटतो.

‘शुगर-फ्री’ चॉकलेट स्प्रेडमध्ये बहुधा माल्टिटॉल हा साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ असतो. त्याच्याही कॅलरी असतात (ग्रॅममागे दोनच्या थोड्या वर), रक्तातली साखर ते थोडी वाढवते आणि जास्त खाल्ले तर पोट बिघडते. त्याच जातीचे झायलिटॉल असेल आणि घरात कुत्रा असेल तर बरणी त्याच्या तोंडापासून लांब ठेवा. कुत्र्यांसाठी ते विष आहे.

‘हायड्रोजनेटेड’ शब्दावरून भीती वाटते, पण भेद करायला हवा. अंशतः हायड्रोजनेटेड तेलातून ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला सर्वांत घातक चरबी, येते. ते असलेली बरणी सरळ परत ठेवावी. अमेरिकेने २०१५ मध्ये अशी तेले सुरक्षित मानणे थांबवले आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून ती जगभर हद्दपार करण्याची मोहीम हाती घेतली. पूर्णतः हायड्रोजनेटेड तेलात ट्रान्स फॅट जवळजवळ नसते. पीनट बटरमध्ये तेल वर तरंगू नये म्हणून ते एक-दोन टक्के घालतात. ते टाळण्यासाठी जे ‘न ढवळता वापरा’ छापाचे ‘नॅचरल’ बटर घेतात, त्यांना बहुधा पाम तेल मिळते. तेल वर न तरंगणारे आणि तरीही फक्त दाण्यांचे बटर, असे दोन्ही सहसा जमत नाही.

‘लो ग्लायसेमिक इंडेक्स’ ही चॉकलेट स्प्रेडची आवडती बढाई. खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते, त्याचा हा आकडा. चरबी पोटातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करते, म्हणून हा आकडा कमी येतो. साखर तेवढीच राहते, फक्त उशिरा पोचते.

कुणासाठी काय

मधुमेह असेल तर बिनसाखरेचे शेंगदाण्याचे किंवा बदामाचे बटर १५–२० ग्रॅम, तेही जाड दळलेल्या पिठाच्या पावावर. नुसत्या पांढऱ्या पावापेक्षा त्यावर नट बटर लावल्यास जेवणानंतरची साखर कमी वेगाने चढते. पण रक्तातली साखर एकदम घसरली असेल तर हेच नट बटर आणि चॉकलेट दोन्ही चुकीचे, कारण चरबीमुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. तेव्हा एक मोठा चमचा मध किंवा साखर-पाणी. जॅम-मध पुढे आणि बदाम मागे असे जे थोडे प्रसंग आहेत, त्यातला हा सर्वांत महत्त्वाचा. दुसरा प्रसंग लांब धावण्यापूर्वीचा: तासभर आधी पावावर मध किंवा जॅम पचायला हलके पडते, नट बटर पोटात दगडासारखे बसते.

एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको. त्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाचे आतडे त्यांना रोखू शकत नाही. शिजवल्याने किंवा गरम पाण्यात घातल्याने ते मरत नाहीत. नट बटर मात्र साधारण सहा महिन्यांनंतर, वरचे अन्न सुरू झाल्यावर देता येते, पण पातळ करून: अर्धा छोटा चमचा गुळगुळीत बटर दोन छोटे चमचे कोमट पाण्यात किंवा नेहमीच्या दुधात. घट्ट गोळा घशाला चिकटून श्वास अडवू शकतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लीप अभ्यासात ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणे सुरू केल्यावर पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. मात्र बाळाला तीव्र एक्झिमा (त्वचेला खाज आणि चट्टे) किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी.

ॲलर्जी असणाऱ्या मोठ्यांनी ‘पीनट नाही’ एवढ्यावर थांबू नये. चॉकलेट स्प्रेडमध्ये हेझलनट, दूध आणि बहुधा सोया लेसिथिन असते. ताहिनीतला तीळही ॲलर्जीकारक, अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तो लेबलवर जाहीर करणे सक्तीचे आहे. सूर्यफुलाच्या बियांचे बटर हा शेंगदाणे आणि झाडावरचे नट या दोन्हींना पर्याय, आणि ई जीवनसत्त्वात ते बदामाच्या तोडीचे. ते केकमध्ये बेकिंग सोड्याबरोबर वापरले की केक आतून हिरवा निघतो. बियांमधल्या क्लोरोजेनिक आम्लाचा तो प्रताप, खायला निर्धोक.

ऑक्झॅलेटचे मूतखडे होत असतील तर बदाम बटर रोजचे करू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फॉस्फरस आणि पोटॅशियमचा हिशेब डॉक्टरांकडून घ्यावा.

मूल फक्त चॉकलेट स्प्रेडच खात असेल तर बरणी एकदम बंद करून उपयोग होत नाही. एका रिकाम्या बरणीत चॉकलेट स्प्रेड आणि बिनसाखरेचे हेझलनट किंवा बदाम बटर समसमान कालवा. साखर १०० ग्रॅममागे ५६ वरून ३० वर येते. दोन आठवड्यांनी एकास दोन, पुढे एकास तीन. त्या टप्प्यावर ती १७–१८ ग्रॅम उरते.

घरी करायचे असेल तर

साध्या पीनट बटरसाठी ५०० ग्रॅम कच्चे शेंगदाणे घ्या. आधी निवडा: सुरकुतलेले, काळपट, फुटके, बुरशीचा वास येणारे दाणे टाकून द्या. अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष अशाच दाण्यांत साचते. भाजल्याने ते कमी होते, संपत नाही. म्हणून निवडण्याची पायरी वगळू नये.

ओव्हनमध्ये १७० अंश सेल्सियसला, एकाच थरात, १०–१२ मिनिटे भाजा आणि मध्ये एकदा हलवा. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १२–१५ मिनिटे, हात न थांबवता. साल बोटांनी सुटू लागली आणि आतला दाणा फिकट सोनेरी झाला की उतरवा. उतरवल्यावरही दाणे थोडे भाजत राहतात, म्हणून पूर्ण रंगाची वाट पाहिली तर कडू होतात. कापडात घासून साल काढा.

दाणे कोमट असतानाच फूड प्रोसेसरमध्ये घाला. गार दाण्यांचे तेल घट्ट असते आणि सुटायला वेळ लागतो. भांडे निदान निम्मे भरलेले हवे, नाहीतर पात्यांना काही लागतच नाही. ४५ सेकंद फिरवा, थांबा, कडा खरवडा, पुन्हा फिरवा. आधी कूट होते, मग ओलसर भरड, मग पात्याभोवती फिरणारा घट्ट गोळा. बहुतेक जण या गोळ्यापाशी घाबरून तेल किंवा पाणी ओततात. थांबा. आणखी दोन-तीन मिनिटांत गोळा फुटतो आणि चकचकीत, ओघळणारी पेस्ट होते. एकूण ६–१० मिनिटे, बदामाला १०–१५. मोटर तापून वास आला तर पाच मिनिटे विश्रांती. पंधरा मिनिटांनंतरही सैल होत नसेल तर दाणे कमी भाजलेले किंवा जुने आहेत. मग एकेक छोटा चमचा तेल घाला, जास्तीत जास्त दोन मोठे चमचे. शेवटी ३ ग्रॅम मीठ.

पाणी, दूध, मध यातले काहीही पेस्टमध्ये गेले की ती एकदम घट्ट, चिकणमातीसारखी होते. पेस्ट म्हणजे तेलात तरंगणारे बारीक कण. थोडेसे पाणी मिळाले की ते कण ते शोषून एकमेकांना चिकटतात. मधातही १७ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, म्हणून तोही तेच करतो. असे झाले तर फेकू नका. चमच्याचमच्याने आणखी पाणी घालत गेलात की एका क्षणी ती पुन्हा सैल होऊन क्रीमसारखा सॉस बनतो. तो तीन दिवसांत संपवा.

चॉकलेट-हेझलनटसाठी: ३०० ग्रॅम हेझलनट १७० अंशांवर १०–१२ मिनिटे भाजून, साल काढून पेस्ट करा. त्यात चाळलेला कोको ३० ग्रॅम, पिठीसाखर ६० ग्रॅम, सौम्य तेल २० ग्रॅम, मीठ २ ग्रॅम घालून दोन मिनिटे फिरवा. दाणेदार साखर नको, चरबीत साखर विरघळत नाही आणि दाताखाली वाळू येते. जे बनते त्यात १०० ग्रॅममागे साखर साधारण १८ ग्रॅम, प्रथिने १२, तंतू ९, संपृक्त चरबी ४ च्या आसपास. आणि कॅलरी? सुमारे ५७५, बाजारातल्यापेक्षा जास्तच. साखर एक-तृतीयांशावर आली, नट पाचपटीहून अधिक झाले, तरी पावावर ते १५ ग्रॅमच लावायचे.

बरणी उघडल्यानंतर

तेल वर आलेले असेल तर ओतून टाकू नका. उरलेले बटर तळाशी विटेसारखे कडक होते आणि जी चरबी टाकली ती बरणीतली चांगली चरबी असते. झाकण घट्ट लावून बरणी एक दिवस उलटी ठेवा, मग लांब सुरीने तळापासून ढवळा आणि ढवळून झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत तेल पुन्हा वेगळे होत नाही. घरचे बटर फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे टिकते. अक्रोडाचे सर्वांत आधी खवट होते, त्यामुळे ते थोडेच करा. जुन्या रंगासारखा किंवा मेणासारखा वास आला तर ते खवट झाले, चव घेऊन खात्री करत बसू नये.

चॉकलेट स्प्रेड फ्रिजमध्ये ठेवले की दगड होते, ते बाहेरच बरे. मध घट्ट होऊन साखरला तर खराब झालेला नसतो. बरणी ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवली की सैल होतो. जॅमची गोष्ट वेगळी. साखर कमी केलेल्या जॅमला साखरेचे संरक्षण पुरेसे नसते, तो उघडल्यावर फ्रिजमध्येच आणि महिन्याभरात संपवायचा. वर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच काढून उरलेला खाऊ नये, बुरशीचे धागे न दिसता खोल गेलेले असतात.

नट बटरमध्ये ओला चमचा घालू नका. इतक्या कोरड्या पदार्थात जंतू वाढत नाहीत, पण साल्मोनेलासारखे जिवंत मात्र कित्येक महिने राहतात. २००८–०९ मध्ये अमेरिकेत दूषित पीनट बटरमुळे ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ९ जण दगावले. त्यामुळे एखाद्या बॅचबद्दल कंपनीने परत मागवल्याची सूचना काढली तर बरणीवरचा बॅच क्रमांक ताडून पाहा. तो जुळला तर भाजून, गरम करून वाचवण्याच्या नादी न लागता बरणी टाका आणि तिला लागलेला चमचा, सुरी, शेल्फ गरम साबणाच्या पाण्याने धुऊन काढा.